मदत हवी आहे: पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या जागी काचेचे बसतात का?

कापूसबोंडी: लाइटं पिवळी पडली. रातच्या वक्ती मारेगाव-वणी रोडनं काहीच दिसत नाही, परवा रोही (नीलगाय) बंपरपाशी आला तवा दिसला. आधीच्या गाडीले काच होती, ती कधीच पिवळी पडली नाही. या गाडीले काचेचे हेडलाइट कुठं भेटतील? वेचणी सुरू हाये, रोज उशिरा येणं होते. लवकर सांगजा.

ठेचा_भाकर: गाडी कोणती? कोणत्या सालची?

कापूसबोंडी: गाडी चांगली हाये, इंजिनची तक्रार नाही. लाइटचं सांगा ना.

जुनी_कमांडर: काच ते काच! माझ्या कमांडर जीपले गोल सात इंची काच आहे, आजही चकाचक. प्लास्टिक म्हणजे कंपन्यांचा धंदा. पिवळं पाडा, नवीन विका.

बॉनेट_पुणे: धंदा कसला? हे पॉलिकार्बोनेट प्लास्टिक हलकं असतं, खडी लागली तर काचेसारखं फुटत नाही, हव्या त्या आकारात ढाळता येतं. अमेरिकेत ठरावीक मापाचेच सीलबीम (काच, रिफ्लेक्टर आणि बल्ब एकत्र बंद केलेले दिवे) लावायची सक्ती होती. १९८३ मध्ये नियम बदलला आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनला बॉडीच्या आकाराचे दिवे आले. पृष्ठभाग मऊ म्हणून वर कडक कोटिंग देतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते कोटिंग झिजतं, मग पिवळेपणा येतो.

जुनी_कमांडर: अमेरिकेत ४६ डिग्री तापते का बाप्पा?

बॉनेट_पुणे: ॲरिझोनात तापतं.

रानवाट: टूथपेस्ट चोळा. दहा रुपयांत काम.

वायरिंगवाला: टूथपेस्टनं दोन-चार आठवडे चमकते, मग पहिल्यापेक्षा वाईट, कारण उरलंसुरलं कोटिंगही घासल्या जाते. घासायचंच तर पाण्यासोबत पाणकागद: आधी १००० नंबरचा, मग २०००, मग ३००० (नंबर मोठा तसा कागद बारीक). नंतर पॉलिश, आणि शेवटी अतिनील किरणं अडवणारा क्लिअर कोट. तो नाही मारला तर सगळी मेहनत पाण्यात. पण आधी सांगा, पिवळेपणा बाहेरून की आतून?

झगमग_चंद्रपूर: एवढं कशाले? एलईडी बल्ब टाका, दिवस केल्यासारखा उजेड.

वायरिंगवाला: काही टाकू नोका. हॅलोजन बल्बसाठीच्या रिफ्लेक्टरमध्ये (बल्बमागच्या चकचकीत वाटीत) एलईडी टाकला की उजेड रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यात जाते. कोळशाचा ट्रक समोरून आला अन् त्याले दिसलंच नाही तर? १०० वॅटचा बल्बही नोको, होल्डर वितळते. ६०/५५ वॅटचा एच ४ बल्ब पुरे.

झगमग_चंद्रपूर: मी लावलेत, मले कोणी काही म्हटलं नाही.

ठेचा_भाकर: हाव, समोरचा बोलाच्या आतच तू निघून गेला असशील.

शेतातला_शेजारी: रोहीसाठी शेताले सोलरचं झटका मशीन लावा. आमच्याकडं तुरीत शिरतच नाहीत.

कापूसबोंडी: रोही रोडवर होता भाऊ, शेतात नाही. कंपनीचं नाव घेतलं की इथं भांडण लागते, २०१४ ची छोटी कार समजा. पिवळेपणा बाहेरूनच हाये. डावा लाइट जास्त खराब. गावातल्या मेकॅनिकनं पेट्रोलच्या फडक्यानं पुसला होता, तवापासून आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात. टॉर्च मारला की चमकतात.

वायरिंगवाला: हे पहिल्याच मेसेजात सांगाचं ना! पेट्रोल, थिनर, हे पॉलिकार्बोनेटले विष. त्या रेघा म्हणजे तडे, ते पाणकागदानं जात नाहीत. डाव्याचं अख्खं असेंब्ली (लेन्ससकट पूर्ण दिवा) बदला. उजवा घासा. अन् तुमच्या गाडीच्या मापाची काच बाजारात शोधत फिरू नोका. तिचा रिफ्लेक्टर साध्या स्वच्छ लेन्सच्या हिशेबानं बनवलेला. जुन्या काचेवरच्या उभ्या रेषा किरण पसरवत असत, आता ते काम रिफ्लेक्टर करते.

जुनी_कमांडर: म्हणजे काच चांगली, पण गाडी चुकीची.

बॉनेट_पुणे: असं नाही हो...

कापूसबोंडी: तुमचं चालू द्या. डावा बदलतो, उजवा घासतो. पाणकागद कुठं भेटते?

वायरिंगवाला: ऑटो पेंटच्या दुकानात. सुताराचा लाकडाचा कागद आणू नोका, पाण्यात भिजला की दाणे सुटतात. लाइटच्या कडेनं बॉडीले मास्किंग टेप लावजा, नाही तर बंपरचाही रंग जाईन. अन् असेंब्ली बसवल्यावर सपाट जागी भिंतीपुढं गाडी उभी करून दोन्ही लाइटची उंची स्क्रूनं जुळवून घेजा.

शेतातला_शेजारी: झटका मशीनचा भाव पाठवू का?