मदत हवी आहे: पाझर तलावावर रानबदकांसाठी घरट्याच्या पेट्या (कडेगाव, जि. सांगली)

येरळाकाठ
मंडळी, नमस्कार. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला ७२ च्या दुष्काळात खोदलेला पाझर तलाव आहे. पूर्वी होळीपर्यंत तळ उघडा पडायचा. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी सुटायला लागल्यापासून उन्हाळ्यातही पाणी असतं आणि पाखरंही मुक्काम ठोकून राहायला लागली आहेत. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक हिवाळ्यात उतरतात ते सोडा, पण दोन जाती आता बारमाही दिसतात. एक हळदीकुंकू. दुसरी तांबूस तपकिरी, तिन्हीसांजेला थव्यानं उठते आणि उडताना शीळ घालते. ही अडई असं इथल्याच एका जुन्या धाग्यात वाचलं.

काठाला जुन्या पोकळ बाभळी होत्या. भरावातून पाणी पाझरतं म्हणून मातीकामाच्या वेळी त्यातल्या बऱ्याच काढल्या. मुळं भरावात शिरली की बांध पोखरतो हे खरं, त्यामुळं तक्रार कुणाकडं करणार? म्हणून आता पेट्या लावाव्यात असं डोक्यात घेतलंय. नेटवर अमेरिकेतल्या वुड डक या ढोलीत घरटं करणाऱ्या बदकासाठीच्या पेटीचा नकाशा मिळाला: तळ १२ बाय १२ इंच, उंची २ फूट, समोर ४ इंच रुंद आणि ३ इंच उंच लंबगोल भोक. सुताराला दाखवला तर म्हणाला, "बदकाला तिजोरी करताय काय?"

तर विचारायचं असं, की हे माप आपल्याकडं चालेल का? सागवान परवडणार नाही, मग लाकूड कुठलं? पेटी खांबावर की झाडावर? त्या नकाशात थंडीतच लावा असं लिहिलंय, ते आपल्याला लागू आहे का? चक्रवाकासाठी वेगळी पेटी करता येईल का? आणि चुलते म्हणतात, काठच्या गवतात हळदीकुंकवाची अंडी सापडतात, ती आणून खुडूक कोंबडीखाली ठेवू. मला पटत नाही, पण त्यांना पटेल असं काय सांगू?

पाणकावळा
आधी चुलत्यांचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हे शिकारीच्या व्याख्येतच बसवलंय. म्हणजे बंदूक न धरता शिकारीचा गुन्हा. शिवाय कोंबडीमागं फिरणारं पिल्लू पाण्यावर जगायचं कसं ते शिकत नाही.

हळदीकुंकू पेटीत बसत नाही. ते पाण्याजवळच्या उंच गवतात, जमिनीवरच घरटं करतं. त्याच्यासाठी करायचं एकच: काठाचा एक पट्टा पावसाळा सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंत चराईला आणि विळ्याला बंद ठेवा, आणि माघ-फाल्गुनात त्याला काडी लावू देऊ नका. पेटीच्या खर्चाच्या मानानं हे फुकटात होतं, म्हणूनच कुणी करत नाही.

चक्रवाकाचा नाद सोडा. त्याची विण लडाख-तिबेटकडं, आपल्याकडं तो फक्त हिवाळा काढायला येतो.

आपल्या भागात झाडाच्या ढोलीत बसणारी बदकं म्हणजे अडई, काणूक आणि नाकेर. नाकेर अंगानं मोठं, तुमच्या चार इंची भोकातून ते शिरायचं नाही. काणूक हे आपल्या देशातलं सगळ्यात लहान बदक, पण त्याला कमळं, पाणवनस्पती असलेलं पाणी लागतं. तुमच्या तलावात तसलं काही दिसत नसेल तर उरली अडई. वुड डक तिच्यापेक्षा थोडं जडच असतं, तेव्हा माप पुरेल.

आणि एक आधीच सांगतो. अडईचं ढोलीवाचून अडत नाही. झाडाच्या बेचक्यात, कावळ्याच्या-घारीच्या जुन्या घरट्यात, कधी पाणकणसात जमिनीलगतही ती अंडी घालते. पेटी पहिल्या वर्षी रिकामी राहिली तर लगेच उपटू नका.

रंधा
मी सांगलीत फर्निचरचं काम करतो, पाखरांचं फार कळत नाही, लाकडाचं सांगतो. प्लाय वापरू नका, एका पावसात पापुद्रे सुटतात. आंब्याची फळी स्वस्त पण तिला भुंगा लागतो. सिल्व्हर ओक किंवा यंत्रं येतात त्या खोक्यांचं पाइन घ्या, पाऊण ते एक इंच जाड. बाहेरून जवसाचं तेल, आतून काहीही नको. पत्र्याची किंवा प्लास्टिकच्या पिंपाची पेटी कुणी सुचवली तर ऐकू नका, ऊन पडलं की आत भट्टी होते.

सुतार लोक सवयीनं फळी दोन्हीकडून रंधून गुळगुळीत करतात. इथं तेच नको. भोकाच्या खालची आतली बाजू खरबरीत ठेवायची, आणि करवतीनं अर्ध्या अर्ध्या इंचावर आडव्या खाचा मारायच्या, भोकापर्यंत. पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण दिवसभरात आई खालून हाक मारते आणि पिल्लं नखांनी चढून भोकातून खाली उड्या टाकतात. गुळगुळीत फळीवर ती दीड फूट चढू शकत नाहीत, आतच मरतात. काही जण जाळी ठोकतात, पण तिची कापलेली टोकं पायात घुसतात. खाचाच बऱ्या.

तळाला पेन्सिल जाईल एवढी चार-पाच भोकं पाणी निचरायला. एक बाजू बिजागरीवर उघडणारी, वर्षातून एकदा साफ करायला. छपराला पुढं उतार.

येरळाकाठ
रंधासाहेब, हे खाचांचं त्या नकाशात एका ओळीत होतं, मी वरवर वाचून सोडलं होतं. आत भुसा घालायचा ना? करवतीखालचा मिळेल पोतंभर.

रंधा
तो बारीक भुसा नको. ओल धरतो, आंबतो, पिल्लांच्या नाकातोंडात जातो. रंधा मारताना निघतात त्या कुरळ्या ढलप्या चार इंच घाला. हे बदक चोचीत काड्या धरून वर नेत नाही, आत असेल त्यावरच बसतं. रिकाम्या फळीवर अंडी घरंगळतात.

बेदाणा
तासगावकडचा हाय. खांबाला लाकूड घालू नका, वाळवी खाईल. मोडलेल्या द्राक्षबागेचे अँगल भंगारात पडलेत, लई स्वस्तात मिळतील. आमच्या शेजाऱ्यानं पिंगळ्यासाठी तसंच केलंय. पण नुसता अँगल लावलात तर घोरपड सरसर चढती, धामण तर विचारूच नका. गोडेतेलाचा डबा उलटा अडकवून भागत नाही, सहा फुटाची धामण त्याच्या कडेवरनं जाती. तीन फुटी पत्र्याचा गोल कापा, कडेपासून मध्यापर्यंत एक चीर द्या, कडा एकावर एक चढवून सुपारीएवढे नटबोल्ट मारा. झाला शंकू. पेटीखाली दोन फुटावर, तोंड खाली करून. खांबाला ग्रीस फासू नका, पिसाला लागलं की पाखरू कामातनं गेलं.

पाणकावळा
बेदाणाभाऊंच्या सांगण्यात उंचीची भर घालतो. टेंभूचं आवर्तन आलं की तुमच्या तलावाची पातळी भर उन्हाळ्यात वर येते, त्यामुळं आज दिसणाऱ्या पाण्यावरून उंची मोजू नका. सांडव्याची पातळी धरा, तिच्यावर पेटीचा तळ चार-पाच फूट. गाळ उघडा असताना, म्हणजे आवर्तनाआधी अँगल पुरा, निदान तीन फूट आत, बुडाला दगडगोटे.

थंडीचं वेळापत्रक अमेरिकेसाठी आहे, तिथं वुड डक वसंतात बसतं. अडईची विण पावसाळ्यात. वळीव पडायच्या आत पेट्या वर गेल्या पाहिजेत.

आणि ओळीनं दहा-बारा पेट्या लावायचा मोह आवरा. वुड डकच्या बाबतीत तिकडं हाच अनुभव आला. एकमेकींना दिसतील अशा जवळजवळ पेट्या ठेवल्या की माद्या एकमेकींच्या घरट्यात अंडी टाकायला लागतात, एकेका पेटीत तिसाच्या वर साचतात, मग धड उबवली जात नाहीत. फोटोला चांगलं दिसतं, पिल्लं निघत नाहीत. तुमच्या तलावाला दोन पुरे, एक एका टोकाच्या खाडीत, दुसरी भरावाच्या पलीकडच्या कोपऱ्यात.

माणकाठची
मी खटाव तालुक्यातली. आमच्याकडं मायणी, येरळवाडी ही पाणथळं २०२१ मध्ये पक्ष्यांसाठी संवर्धन राखीव जाहीर झाली, तिथं अशी काही पेटी लावायची तर आधी वनविभागाला विचारावं लागतं. तुमचा तलाव तसा नसला तरी ग्रामपंचायतीचा ठराव करून घ्या दादा, आणि मासेमारीचा ठेका ज्याच्याकडं आहे त्याला बरोबर घ्या. काठाला लावून ठेवलेल्या जाळ्यात बदकं अडकतात, आणि कधी कुठं काय बसलंय हे त्यालाच सगळ्यात आधी दिसतं.

शेजारी कुणाचं शेततळं आहे का? ५०० मायक्रॉनचा काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेलं? पिल्लं पेटीतून निघाली की आईमागं चालत जवळच्या दुसऱ्या पाण्यावर जाऊ शकतात. अशा तळ्यात उतरली तर त्या कागदावरून त्यांना वर येता येत नाही. कडेकडेनं पोहत राहतात, पाय घसरतात, परत पाण्यात. मी पाहिलंय, जीव कासावीस होतो. दोन कोपऱ्यांत जुन्या शेडनेटची पट्टी वरून पाण्यात सोडायची, वरचं टोक दगडाखाली. कोल्ह्या-कुत्र्यालाही त्याचा उपयोग होतो, तीही पडतात.

येरळाकाठ
शेततळं आमचंच आहे ताई, तलावापासून हाकेच्या अंतरावर. शेडनेट बेदाण्याच्या शेडवरचं फाटकं पडलंय, ते लावतो.

सुताराला दोनच पेट्या सांगितल्या, सिल्व्हर ओकच्या. चुलत्यांना कायदा सांगितला. ते म्हणाले, "मग कोंबडीखाली कोंबडीचीच ठेवतो, पण पेटीत मोहोळ बसलं तर मध माझा." हे होऊ शकतं का? आणि भोकाचं तोंड कुठल्या दिशेला ठेवू? भराव पश्चिमेला आहे.

बेदाणा
सातेरी माश्या बसतात की, पोकळ जागा दिसली की झालं. साळुंकी पण घुसती. मोहोळ असलं तर त्या साली तसंच राहू द्या, धूर करू नका.

पाणकावळा
तोंड पूर्वेला, पाण्याकडं. पावसाचा झोडपा आपल्याकडं पश्चिमेनं येतो. समोर आठ-दहा फूट फांदी नको, ती थेट उडत येऊन शिरते.