उदमांजराच्या पोटात माडी होते का?

चिऱ्याचा_गडगा:
गुहागरकडे घर आहे आमचं. परसात भेरली माड आहे, त्याची फळं पिकली की उदमांजर रात्रीचं येतं आणि सकाळी गडग्यावर (दगडी कुंपणावर) नेमकं त्याच जागी हगून ठेवलेलं असतं, बिया सगळ्या अख्ख्या. काल जवळ गेलो तर आंबूस वास, उतरून ठेवलेल्या माडीसारखा, म्हणजे माडाच्या आंबलेल्या रसासारखा. काका म्हणतात त्याच्या पोटातच यीस्ट (गोड रस आंबवून दारू करणारी सूक्ष्म बुरशी) असतं, माडी आतच तयार होते. खरंय का हे? आणि मग त्याला चढत कशी नाही?

बोंडू७७:
इंग्रजीत उदमांजराला टॉडी कॅट म्हणतात, टॉडी म्हणजे माडी, ते काय उगाच? तुमच्या माडाला माडी उतरवायचं मडकं लावलेलं असेल तर आधी ते तपासा 😄

आंबवण:
लॅबमध्ये यीस्टवरच काम करते म्हणून लिहिते. पिकल्या फळावर यीस्ट असतंच, ते फळाबरोबर आत जातं नि बाहेर पडतं, त्यामुळे विष्ठेत सापडलं म्हणजे पोटात राहतं असं होत नाही. गणपतीला आलेला चाकरमानी नि गावात बारमाही राहणारा, दोघंही वाडीत दिसतात पण फरक आहे ना! सस्तन प्राण्याचं अंग ३७-३८ डिग्री, वर जठरातलं ॲसिड. बाहेरच्या पुष्कळ यीस्टना एवढी ऊब सोसत नाही.

बारमाही राहणारं बघायचं तर सशाच्या जठरातलं सायनिक्लोमायसिस गट्युलेटस हे यीस्ट. त्याला ॲसिडही चालतं आणि अंगाएवढी ऊबही लागते, बाहेर गार जागी ठेवलं की वाढ ठप्प. १८४५ पासून माहितीये ते. आपल्या आतड्यात कॅन्डिडा नावाचं यीस्ट असतं तसंच.

उदमांजराचं आतडं आखूड, फळ काही तासांत बाहेर, आंबायला वेळ कुठाय? मला वाटतं उरलेला गोड गर रात्रभर गडग्यावर आंबला असणार. बघायला गेलात तरी हात लावू नका हां, जंत असतात.

बोंडू७७:
ताई, चढण्याचं राहिलं की!

आंबवण:
हो हो. मलेशियात एक चिचुंद्रीसारखा दिसणारा प्राणी आहे, पेनटेल ट्री श्रू. तिथल्या बर्तम माडाच्या फुलातला मध यीस्टमुळे आंबतो, दारू ३.८ टक्क्यांपर्यंत जाते, आणि हा रोज रात्री तो पितो तरी झिंगलेला दिसत नाही. २००८ साली छापून आलंय. पण तिथंही यीस्ट फुलात असतं, पोटात नाही.

चिऱ्याचा_गडगा:
काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, मग मडक्यातली कमी होते ती कोण पितं? आता मी गप्प.