तुर्कीवरनं डाळिंबाच्या काड्या आणल्या तर चालतंय का?

सांगोलेकर: नमस्कार मंडळी. आपली सहा एकर भगवा जातीची डाळिंब बाग आहे. मेव्हणा पुढच्या महिन्यात तुर्कीला फिरायला चाललाय, तिकडचं डाळिंब लई गडद असतंय म्हणे, तर मी त्याला म्हटलं येताना पाच-सहा काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून बॅगेत टाक, इथं रुजवून बघू. तो घाबरतोय. चार काड्यांनी काय आभाळ कोसळणार आहे ओ?

बार्शीवाला: आमच्या चुलत्यानं दुबईवरनं खजुराच्या बिया आणलेल्या, काय झालं नाही. उगवल्यापण नाहीत 😂

कीडवाला_सोलापूर: मालक, आणू नका. मी कीटकशास्त्रवाला, काही वर्षं बाहेरनं आलेली रोपं-काड्या तपासायचंच काम केलंय. काडी वरनं चकचकीत दिसती, पण काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, बेचक्यात भिंग लावलं की सुईच्या टोकाएवढा फिकट ठिपका दिसतो आणि आपण बघत असतानाच तो ठिपका चालायला लागतो, ते पिठ्या ढेकणाचं, म्हणजे रस शोषणाऱ्या पांढऱ्या किडीचं, पिल्लू. खवले कीड तर सालीच्याच रंगाची, नखानं खरवडल्याशिवाय कळत नाही. आत अळी असली तर काडी उभी चिरावी लागती. ओलं फडकं म्हणजे त्यांची सोयच केली की तुम्ही.

पपईवरचा पिठ्या ढेकूण असाच मेक्सिकोकडचा, २००८ ला कोईमतूरला सापडला आणि पुढं आपल्याकडच्या बागापण पांढऱ्याफटक केल्या. अंगावर मेणचट थर, फवारून हटेना. शेवटी २०१० ला पोर्तो रिकोवरनं त्याच्यावर जगणारी बारकी गांधीलमाशी मागवली, तीपण थेट सोडली नाही, आधी बेंगळुरूला बंदोबस्तात ठेवून तपासली. सरकारनं मागवलेल्या माशीची एवढी चौकशी, आणि तुमच्या काड्या मेव्हण्याच्या बनियनमधनं येणार व्हय 😄

कायदापण आहे, प्लांट क्वारंटाइन ऑर्डर २००३. लागवडीचं आणायचं तर आधी इम्पोर्ट परमिट आणि तिकडच्या सरकारचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला, लागतं.

माळशिरसकर: पण २०१८ ची ती मक्यावरची लष्करी अळी कुणाच्या बॅगेतनं आली सांगा की. मक्याचा पोंगा, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांची गुंडाळी, उघडला की आत ओल्या भुशासारखी घाण, आम्ही नेहमीची अळी समजून नेहमीचंच औषध मारत बसलो, तोवर पोंगं खाऊन मोकळी.

कीडवाला_सोलापूर: तिचा पतंग एका रात्रीत शंभरेक किलोमीटर जातो, त्याला कोण अडवणार. तिथं आमचं काम लवकर ओळखायचं. डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडं चौकोनात चार काळे ठिपके. मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे कामगंध सापळे लावून बसायचं ते त्यासाठीच. वेगळी अळी दिसली तर फवारायच्या आधी फोटो काढा, दोन-चार स्पिरिटच्या बाटलीत टाकून कृषी सहायकाला दाखवा. जिवंत डबीत घालून गावभर फिरवू नका, हात जोडतो.

सांगोलेकर: बरं बाबा, मेव्हण्याला नको म्हणून कळवलं. मग नवीन वाण बघायचा कुठं?

कीडवाला_सोलापूर: सोलापूरजवळ केगावला डाळिंब संशोधन केंद्र आहे की, सोलापूर लाल हा वाण तिथलाच. आणि तुर्की सोडा, इथली गुटी, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप, तरी खात्रीच्या बागेतनंच घ्या. तेल्या, म्हणजे डाळिंबाचा जिवाणूमुळं होणारा रोग, तिच्यातनंपण फिरतो, आणि तो भिंगातपण दिसत नाही.

सांगोलेकर: आता काय बोलू. मागल्या साली पाहुण्याकडनं ४०० गुट्या आणून लावल्यात, बाग न बघताच.