जुन्या बॅटरीला नवी जोडू का?

प्रश्न: मोहोळजवळ शेतातल्या शेडवर ३३५ वॅटचं एक सोलर पॅनल, १२ व्होल्टची १५० एएच (अँपिअर-तास) ट्युब्युलर बॅटरी, चार वर्षं वापरलेली. पंखा पहाटेआधीच बंद पडतो. दुसरी नवी समांतर जोडली तर चालेल का? बजेट तोकडं आहे.

उत्तर: नका जोडू, दादा. जुनी नवीलाही खाली ओढते. आधी फुल चार्ज करून हायड्रोमीटरनं (अ‍ॅसिडची घनता मोजायची नळी) सहाही सेल तपासा. आणि पॅनल-बॅटरीमधला चार्ज कंट्रोलर पीडब्ल्यूएम, म्हणजे पॅनलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर ओढणारा साधा प्रकार, आहे का? मग त्या पॅनलचे जेमतेम नऊ अँपिअर बॅटरीत जातात, निम्म्याहून जास्त ताकद वाया. १५० एएचला पंधरा तरी हवेत.

दुसरं उत्तर: सोलापूरचा मे महिना, त्यात पत्र्याखाली बॅटरी? सावलीत हलवा, डिस्टिल्ड वॉटर बघा.

प्रश्नकर्ता: पीडब्ल्यूएमच निघाला! आधी एमपीपीटीच घेतो, म्हणजे जास्तीच्या व्होल्टेजचे अँपिअर करून देणारा कंट्रोलर.