मदत हवी आहे: पथ्याने पोट शांत झालं, पण आता काही नवीन खायचा धसकाच बसलाय

नमस्कार मंडळी,

लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घ्या. पोटाच्या तक्रारीसाठी कडक पथ्य करून त्यातून बाहेरही पडलेल्या लोकांची मदत हवी आहे. पथ्य धरायचं कसं हे सगळेच सांगतात, सोडायचं कसं हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

माझं वय ४१. तीन वर्षांपूर्वी उलट्या-जुलाबांचा मोठा झटका येऊन गेला आणि तेव्हापासून पोट पूर्वीसारखं राहिलंच नाही. सकाळी ठीक असायचं, दुपारी चारच्या सुमारास ढोलासारखं टम्म. कामावर टेबलाखाली हळूच कमरेचं बटण काढून ठेवायचे आणि कुणी हाक मारली की उठायच्या आधी ते लावायची घाई व्हायची. मुरडा येऊन धावत जावं लागायचं, आणि मग दोन-दोन दिवस पोट साफच नाही. रक्त, शौच, थायरॉईड, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल आलं. शौचातलं कॅलप्रोटेक्टिनही नॉर्मल होतं, म्हणजे आतड्याला सूज नाही. डॉक्टर म्हणाले आयबीएस (इरिटेबल बाउल सिंड्रोम, आतडं हळवं होण्याचा त्रास) आहे. मोठ्या संसर्गानंतर काही जणांना तो मागे लागतो, आतड्याच्या नसा हळव्या होतात आणि इतरांना जाणवतही नाही एवढा गॅस आपल्याला दुखतो, असं त्यांनी समजावलं. त्रास खरा आहे हे कुणीतरी म्हटलं, त्यानेच मला रडू आलं होतं.

मग लो-फॉडमॅप आहार सुरू केला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काही साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, त्या पाणी ओढून घेतात आणि पुढे मोठ्या आतड्यात जिवाणू त्या आंबवून गॅस करतात. कांदा, लसूण, गहू, डाळी, दूध, मध, सफरचंद, अळंबी अशी बरीच मंडळी त्यात येतात. हे सगळं बंद केलं आणि बाराव्या दिवशी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, की आज बटण काढलेलंच नाही.

अडचण इथून पुढची. हा पहिला टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच असतो, त्यानंतर एकेक पदार्थ परत आणून बघायचा असतो. मला आता नऊ महिने झालेत. एकदा कांदा खाल्ला, रात्रभर तळमळले, बंद केला. दूध घेतलं, पोट गुडगुडलं, बंद. डाळीचं तर नावच काढलं नाही. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात तसं झालंय. ताटात भात, बटाटा, गाजर, काकडी, अंडं आणि कधीतरी मासे, एवढंच फिरून फिरून येतं. वजन सहा किलो उतरलंय. मुलगी ताट वाढताना प्रत्येक भांड्यावर बोट ठेवून विचारते, "आई, हे चालेल?" ते ऐकवत नाही मला.

त्यात आता भात-बटाटा खाल्ला तरी दहा मिनिटांत कळ येते कधीकधी. म्हणजे तेही सोसेनासं झालं का? मग खायचं काय?

नेमके प्रश्न:

पदार्थ परत सुरू करताना कुठून सुरुवात केलीत, किती प्रमाणात, किती दिवस?
थोडा त्रास झाला तर थांबायचं की रेटायचं?
खाल्ल्या खाल्ल्या कळ येणं म्हणजे तो पदार्थ बाधला असंच धरायचं का?

एक मात्र विनंती, "टेन्शन घेऊ नका" असं लिहू नका. तेवढं सोडून सगळं ऐकायची तयारी आहे.

प्रतिसाद १

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण मी त्याच खड्ड्यात वर्षभर पडले होते.

अन्न पोटात पडलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा जातो. हे सगळ्यांनाच होतं, तान्ही बाळं दूध पिता पिता लंगोट भरतात ते यामुळेच. आयबीएसमध्ये हा इशारा जरा जोरात बसतो. त्यामुळे दहा मिनिटांत कळ आली तर ती भाताची नाही, जेवलात म्हणून आलेली कळ आहे. भात तेव्हा जठरातच असतो! न पचलेल्या साखरांना मोठ्या आतड्यापर्यंत पोचायला काही तास लागतात, आणि त्रास कधीकधी दुसऱ्या दिवशी दिसतो. आपण मात्र शेवटच्या घासाला दोषी धरतो. मी असं करत करत काकडीसुद्धा बंद केली होती, आता आठवलं की वाईट वाटतं.

वहीत "काय खाल्लं" याच्याबरोबर वेळ लिहा आणि मागच्या चोवीस तासांकडे बघायची सवय लावा. भरगच्च जेवण, तेलकट खाणं आणि उपाशीपोटी कॉफी हा इशारा आणखी वाढवतात. तेवढंच दोन-तीन वेळात विभागून खाल्लं की माझी कळ निम्म्यावर आली.

प्रतिसाद २

मी गेल्या वर्षी आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली या साखरांचे सगळे गट परत आणून पाहिले, तो अनुभव लिहितो.

सर्वांत आधी, कांद्यापासून सुरुवात करू नका. बहुतेकांना सगळ्यात जड जाणारा तोच. सोपा वाटेल तो गट घ्या, म्हणजे पहिला अनुभव चांगला येतो आणि धीर येतो. एका वेळी एकच गट, आणि त्या गटाचीच साखर असलेला पदार्थ. लॅक्टोजसाठी दूध, फ्रुक्टोजसाठी मध, फ्रुक्टानसाठी (कांदा, लसूण, गव्हातली साखर) लसूण, मॅनिटॉलसाठी अळंबी. सफरचंदात दोन प्रकारच्या साखरा आहेत, त्याने त्रास झाला तर नेमका कशाने झाला ते कळत नाही. पहिल्या दिवशी थोडं, दुसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या दिवशी नेहमी खाल तेवढं. बाकी ताट मात्र आत्ता आहे तसंच ठेवायचं. मग दोन-तीन दिवस पोटाला विसावा आणि पुढचा गट. एखादा गट चांगला सोसला तरी सगळे गट होईपर्यंत तो ताटात कायमचा आणायचा नाही, नाहीतर हिशेब चुकतो. मला सगळं मिळून आठ आठवडे लागले.

थांबायचं की रेटायचं? थोडा गॅस, थोडी गुडगुड म्हणजे नापास नव्हे, जिवाणूंना खाद्य मिळालं की ते होणारच. मी दहापैकी आकडा लिहायचो. तीनपर्यंत असेल तर पुढे जायचो, पाचच्या वर गेलं की थांबायचो आणि पुढच्या वेळी कमी प्रमाण घ्यायचो. "चालतं / चालत नाही" असं न लिहिता "इतकं चालतं" असं लिहा. दुधाचंच घ्या, लॅक्टोज पचत नसलेल्या पुष्कळ लोकांना एका वेळी १२ ग्रॅम लॅक्टोज सोसतं, म्हणजे साधारण एक कप दूध, आणि जेवणाबरोबर घेतलं तर आणखी बरं. दही आणि जुनं कडक चीज तर बहुतेकांना जातंच.

लसणाची चव तुम्ही आजपासूनच परत आणू शकता. फ्रुक्टान पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही. तेलात अख्खी पाकळी टाका, सोनेरी झाली की चमच्याने काढून टाका, मग त्याच तेलात भाजी करा. पाकळी काढल्यावरच पाणी किंवा रसा घालायचा, आधी नाही. (हे तेल ताजंच वापरा. लसूण घातलेलं तेल बाहेर साठवून ठेवणं धोक्याचं आहे, त्यात घातक जिवाणू वाढू शकतात.) कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग. नऊ महिने बेचव खाल्लेल्या माणसाला हे काय आहे ते कळेल.

आणि हो, नऊ महिने फार झाले. हे पथ्य ज्यांनी बसवलं ते ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाचे संशोधकही पहिला टप्पा लांबवू नका असंच सांगतात. या साखरा बंद केल्या की आतड्यातले बिफिडो जातीचे चांगले जिवाणू कमी होतात, कारण त्यांचं खाद्यच हे आहे.

प्रतिसाद ३

बाकी सगळं नंतर. ताई, सीलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते तो आजार) तपासणी झाली आहे का? आणि झाली असेल तर तेव्हा तुम्ही गहू खात होतात का?

मला सीलिॲक आहे म्हणून विचारते. टीटीजी-आयजीए नावाची रक्ततपासणी असते. ती शरीराने ग्लूटेनविरुद्ध उभी केलेली प्रतिपिंडं शोधते. गहू बंद असला तर ती हळूहळू उतरतात, आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. माझं असंच झालं, दोन वर्षं वाया गेली. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना १९४० च्या दशकात हेच दिसलं होतं. युद्धात पावाचा तुटवडा पडला तेव्हा ही आजारी मुलं सुधारली आणि पाव परत मिळायला लागल्यावर पुन्हा खालावली. गहू सोडून बरं वाटणं आयबीएसमध्येही होतं आणि सीलिॲकमध्येही होतं, नुसत्या बरं वाटण्यावरून फरक कळत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद ३ वाचून हातातला कप खाली ठेवला आणि आधी फाईल काढली.

सीलिॲकची तपासणी झाली आहे, रिपोर्ट नॉर्मल आहे. पण वहीतली तारीख बघितली तर गहू मी त्याच्या चार महिने आधी स्वतःच्या मनाने बंद केला होता, कुणीतरी "गहू सोड, बरं वाटेल" म्हणालं म्हणून. डॉक्टरांना हे सांगितलंच नाही. त्यांनी विचारलं असेल तर मला आठवत नाही. आता काय करू?

प्रतिसाद ३

घाबरू नका, पण टाळूही नका. डॉक्टरांना ही तारीख दाखवा आणि तपासणी पुन्हा करायची का ते विचारा. साधारणपणे किमान सहा आठवडे रोज, एकापेक्षा जास्त जेवणांत गहू खाऊन मग रक्त देतात. तोवर बाकीचे गट परत आणायचं काम थांबवा, नाहीतर कशाने काय झालं काही कळणार नाही. गहू खाऊन पोट फुगलं तर लगेच "सीलिॲकच आहे" असं समजू नका, गव्हात फ्रुक्टानही असतो.

वजन सहा किलो उतरलंय हेही त्यांना स्पष्ट सांगा. खाणं कमी झाल्यामुळे असेलही, पण ते त्यांना ठरवू द्या. शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारा त्रास, ताप, हिमोग्लोबिन घटणं, जवळच्या नात्यात आतड्याचा कर्करोग, यातलं काही असेल तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून आधी तपासण्या.

प्रतिसाद ४

बद्धकोष्ठाच्या दिवसांसाठी एक. मला सगळ्यांनी कोंडा खायला सांगितला आणि त्याने पोट आणखीच फुगलं. इसबगोल त्या मानाने सौम्य आहे, फारसा गॅस करत नाही. अर्ध्या चमच्यापासून सुरू करा, भरपूर पाण्याबरोबर, आणि आठवड्याने वाढवा. मात्र आत्ता तपासणी मार्गी लागेपर्यंत हेही डॉक्टरांना विचारूनच.

पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूलने मला मुरडा कमी झाला. पण छातीत जळजळ होत असेल, आंबट पाणी घशाशी येत असेल तर त्या घेऊ नका, जळजळ वाढते.

धागाकर्ती (साडेसहा आठवड्यांनी)

उशीर झाला, माफ करा. डॉक्टर रागावले नाहीत. तारीख बघून म्हणाले, बरं झालं सांगितलंत, परत करू. त्यांनी आहारतज्ज्ञांकडेही पाठवलं.

४५ दिवस झाले, रोज पाव खातेय, सकाळी दोन आणि रात्री दोन. पहिला आठवडा वाईट गेला, एका रात्री दहापैकी सात लिहिलंय. तेव्हा सोडून द्यावंसं फार वाटलं. दुसऱ्या आठवड्यात तेच पाच झालं. गेले दहा दिवस दोन-तीनच्या वर आकडा गेलेला नाही. यातून अजून काही ठरवत नाही, रिपोर्ट येऊ दे. वजन दीड किलो वाढलंय.

लसणाचं तेल करून पाहिलं. भांड्यावरचं झाकण काढलं तसा घरभर वास सुटला आणि मुलगी आतून धावत आली. त्या दिवशी तिने काही विचारलं नाही, सरळ वाढलं.

खाल्ल्यावर येणारी कळ अजून येते. पण आता घड्याळ बघते, दहा मिनिटं झाली असतील तर ताट बाजूला सारत नाही.

परवा सकाळी रक्त द्यायचंय. उपाशीपोटी जायचं असतं का? विचारायचं राहूनच गेलं.

प्रतिसाद ३

टीटीजीसाठी उपाशी राहावं लागत नाही. त्याबरोबर साखर वगैरे दुसरं काही तपासायला सांगितलं असेल तर लॅबला फोन करून घ्या. नाहीतर खाऊन जा, ताई.