डायल्गाला कागदी वाघ म्हणणाऱ्यांनो

लोखंडी_काळ:
परवा कुणीतरी पोकेमॉन गेममधल्या डायल्गाबद्दल लिहिलं, "डायल्गा कागदी वाघ. एचपी, हल्ला, बचाव, वेग या आकड्यांची बेरीज 680, पण गारचॉम्प या पोकेमॉनच्या एका अर्थक्वेकमध्ये (ग्राउंड प्रकारचा हल्ला) आडवा." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. 2006 च्या डायमंड गेममध्ये हा आला तेव्हा स्टील-ड्रॅगन ही प्रकारांची जोडी दुसऱ्या कुठल्याच पोकेमॉनकडे नव्हती. तशी जोडी असलेला ड्युरालुडॉन यायला 2019 उजाडलं. ड्रॅगन प्रकाराला बर्फ आणि ड्रॅगनचे हल्ले दुप्पट लागतात, याला साधे लागतात. विष तर लागतच नाही. नडतात फक्त फायटिंग आणि ग्राउंड. 2013 ला फेअरी हा नवा प्रकार आला, पाल्किया-गिराटिना या दुसऱ्या ड्रॅगन पोकेमॉनना नवा वैरी मिळाला, याला नाही.

गारचॉम्पवाला:
ते मीच लिहिलं होतं, आणि मागे घेणार नाही. याचा वेग 90, गारचॉम्पचा 102. पहिला फटका कोण खाणार? रोअर ऑफ टाइम या डायल्गाच्या खास हल्ल्याचं तर नाव मोठं. ताकद 150, पण दहात एकदा चुकतो, आणि लागला तरी पुढची टर्न वाया.

लोखंडी_काळ:
रोअर कोण वापरतं? ड्रॅको मिटिअर हा दुसरा ड्रॅगन हल्ला द्या. आणि डायल्गाचा एचपी (जीव) पूर्ण वाढवलेला असेल, तर स्वॉर्ड्स डान्स (हल्ल्याची ताकद वाढवणारी चाल) किंवा हातातल्या वस्तूची जोड नसलेल्या अर्थक्वेकने तो एका फटक्यात पडत नाही. हिशेब मांडून बघा.

मेस्प्रिटच्या_मागे:
खरा प्रश्न वेगळाच आहे. गेमचा खलनायक सायरस कथेत एकच मास्टर बॉल (कुठलाही पोकेमॉन हमखास पकडणारा) देतो आणि सगळे तो डायल्गावर उडवतात! डायल्गा स्पिअर पिलर या डोंगरमाथ्यावर समोर उभा असतो, कुठे पळून जात नाही. मेस्प्रिट ही दुसरी पोकेमॉन पहिल्याच टर्नला पळते. मीही बॉल डायल्गावर उडवला आणि पुढचे तीन आठवडे मेस्प्रिटसाठी सिनोहभर (गेममधला प्रदेश) नकाशा बघत फिरलो.

अल्ट्राबॉल_संपले:
हे लिहिणं सोपं आहे. मी अकरा वर्षांचा होतो. डायल्गाचा एचपी लाल, माझ्याकडचे अल्ट्रा बॉल (पकडायचे साधे बॉल) संपलेले, डीएस या गेम यंत्राचा दिवाही लाल, आणि चार्जर धाकट्या भावाने आजोळी नेलेला. तेव्हा मास्टर बॉल टाकला. त्या दिवशीचा आनंद अजून आठवतो. मला मूर्ख ठरवू नका.

मेस्प्रिटच्या_मागे:
मूर्ख कुणी म्हटलं? घाई केलीत, एवढंच म्हणतोय.

अल्ट्राबॉल_संपले:
तीन आठवडे फिरण्याऐवजी क्रोबॅट हा वेगवान पोकेमॉन घ्यायचा होतात. वेग 130, मेस्प्रिटचा 80. त्याची मीन लूक ही चाल टाकली की तिचं पळणं बंद. मग बॉल टाकत बसा.

मेस्प्रिटच्या_मागे:
...हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर. बरं. तरीही मास्टर बॉल डायल्गावर नाहीच.

गारचॉम्पवाला:
धागा डायल्गाचा आहे, जरा भान ठेवा. लोखंडी_काळ, हिशेब केला. एचपी 404, माझा सगळ्यात जोरदार फटका 362. एचपीचं मान्य. वेगाचं नाही.