तातडीचं: लेकीसाठी गाडी, रविवारपर्यंत सांगायचंय

स्मिता:
नमस्कार मंडळी, दोन गाड्या बघून ठेवल्यात. 2014 ची टोयोटा कोरोला, 1,18,000 मैल आणि 2017 ची शेवरले मालिबू, 71,000 मैल. भाव जवळपास सारखाच. हे म्हणतात डोळे झाकून कोरोला घे, पण तीन वर्षांनी जास्त जुनी आणि एवढी पळालेली गाडी त्याच पैशात का घ्यायची ते मला पटत नाहीये. लेकीला कँटनहून रोज ॲन आर्बरला जायचंय. रविवारी दोन्ही विकणाऱ्यांना उत्तर द्यायचंय, कृपया लवकर सांगा.

मंदार:
वहिनी, कोरोलाच. जपानी ती जपानी. दिवाळीच्या हॉलबाहेर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, जेवणाचे ट्रे अमेरिकन गाडीत आणि गाडी टो ट्रकवर.

काका:
मंदार, जपानी म्हणजे नक्की काय रे? स्मिता, कोरोलाचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक बघ, पुढच्या काचेखाली ड्रायव्हरच्या बाजूला असतो. 2 ने सुरू असेल तर ती कॅनडात बनलीय, 1, 4 किंवा 5 असेल तर अमेरिकेत, J असेल तरच जपान. होंडाने तर 1982 लाच ओहायोत मेरिसव्हिलला अकॉर्ड बनवायला सुरुवात केली.
मी 1983 ला इथे मिशिगनला आलो. आदल्याच वर्षी विन्सेंट चिनला मारलं होतं, पोरगा चिनी वंशाचा, वाहन उद्योगातल्या दोघांनी जपानी गाड्यांमुळे नोकऱ्या गेल्याचा राग त्याच्यावर काढला. आमच्या कंपनीत परदेशी गाडी पार मागच्या लॉटमध्ये लावावी लागे, थंडीत तिथून चालत यायचं. टोयोटा घ्यायची हिंमत झाली नाही. मग 1986 ला शेवरले नोव्हा घेतली. नाव शेवरलेचं, आतून कोरोला, बनलेली कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला. शेवरलेची मूळ कंपनी जीएमने 1982 ला तोच कारखाना बंद केला होता, टोयोटाबरोबर 1984 ला परत सुरू केला आणि कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच. फरक एवढाच की चूक दिसली की दोरी ओढायची, गरज पडली तर लाईन थांबवायची. माझी नोव्हा अकरा वर्षं चालली. म्हणून मी देश बघत नाही, ती गाडी कशी बनली आणि कशी सांभाळली ते बघतो.

शैला:
काका, अकरा वर्षं? गंजली नाही? आमची दारांच्या खालून सातव्या वर्षीच गेली, हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने. आणि मंदार, आमच्या जपानी मिनीव्हॅनचं ट्रान्समिशन 78,000 मैलांना गेलं, नाव घेत नाही पण तेव्हापासून मी कोणाचीच हमी देत नाही.

मंदार:
शैलाताई, एका गाडीवरून ठरवू नका.

शैला:
आणि दिवाळीची एक गाडी चालते का रे?

नितीन:
गाडी बघायला दुसऱ्या कोणाला बोलवू नका हं, मंडळातल्या गाड्या मीच बघत आलोय. वहिनी, दोन्हींच्या ब्रेक लाइन, म्हणजे ब्रेकच्या तेलाच्या नळ्या, खालून बघायला हव्यात. बोट फिरवलं आणि गंजाचे पापुद्रे हातात आले तर गाडी सोडायची, कंपनीचा बॅज कुठलाही असो. सर्व्हिसच्या पावत्या मागून ठेवा, ऑइल कधी कधी बदललं ते कळेल.

स्मिता:
काका, बघितलं, कोरोलाचा 2 ने सुरू होतोय. मालिबूवाल्याकडे सगळ्या पावत्या आहेत, कोरोलावाला म्हणतो शोधून देतो. नितीन, शनिवारी 11 ला आधी मालिबू बघू. टॉर्च आण.